करडई तेल : मेदाम्ले आणि हृदयविकार

करडई किंवा करडी या काटेरी रब्बी पिकाच्या बियांपासून काढलेले खाद्यतेल. वनस्पतीचे शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. सूर्यफूल आणि कारळे तिच्याच कुळातले. संस्कृतात हिला कुसुंभ म्हणतात. त्या काळी तिची ओळख तेलासाठी कमी आणि पाकळ्यांतल्या तांबड्या रंगासाठी जास्त होती. ‘हृदयाचे तेल’ हा लौकिक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो कसा मिळाला, मध्येच त्याला तडा कसा गेला आणि आज त्यातले किती शिल्लक आहे, हा मेदाम्लांच्या (फॅटी ॲसिडच्या) रसायनशास्त्राचा विषय आहे.

सोलापूर आणि करडई. सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू काळ्या रानात ज्वारी आणि करडईचा जुना शेजार आहे. ज्वारीच्या कडेने करडईचे तास धरले की मोकाट जनावर आत शिरत नाही. काट्याचे कुंपण होते ते होते, वर वर्षाचे तेल निघते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली करडई पुढे पाऊस नसला तरी तग धरते, कारण तिचे सोटमूळ जमिनीत खोलवर जाऊन ओल शोधते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, पेंड जनावरांना जाते. काढणी मात्र जिवावर येते. भल्या पहाटे दवाने काटे नरम असतात तेवढ्यात, हातात मोजे चढवून आणि पायांना गोणपाट गुंडाळून झाडे कापायची. ऊन चढले की काटे ताठ होतात आणि काम थांबते. ज्याने हे एकदा केले आहे तो ‘करडईचे तेल महाग का’ असे विचारत नाही.

सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे अखिल भारतीय समन्वित करडई संशोधन प्रकल्पाचे काम इथूनच चालले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्राने दिलेल्या वाणांची नावे वाचण्यासारखी आहेत : भीमा, फुले चंद्रभागा, फुले नीरा, फुले भिवरा. भीमा, भिवरा आणि चंद्रभागा ही एकाच नदीची तीन नावे; नीरा तिला येऊन मिळणारी. पैदासकारांनी पंढरपूरची वारी बियाण्यातच पेरून ठेवली म्हणायची.

रासायनिक घडण. कोणतेही खाद्यतेल म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेल्या तीन-तीन मेदाम्लांचे रेणू. तेलाचा स्वभाव त्या तीन जागी कोण बसले आहे यावर ठरतो. नेहमीच्या करडई तेलात ७० ते ७८ टक्के लिनोलिक आम्ल असते, ओलेइक आम्ल साधारण १२ ते १६ टक्के, आणि पामिटिक व स्टिअरिक ही संपृक्त (दुहेरी बंध नसलेली) आम्ले मिळून जेमतेम १० टक्के. लिनोलिक आणि ओलेइक या दोघांच्या साखळीत १८ कार्बन असतात. फरक आहे तो दुहेरी बंधांचा : ओलेइकमध्ये नवव्या कार्बनापाशी एकच, लिनोलिकमध्ये नवव्या आणि बाराव्या कार्बनापाशी एकेक. या दोन बंधांच्या मधोमध सापडलेल्या कार्बनावरचे हायड्रोजन सैल धरलेले असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच लागतो. त्यामुळे लिनोलिक आम्ल ओलेइकच्या सुमारे दहापट वेगाने ऑक्सिडीकृत होते.

हे रसायन पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. घाण्यावरच्या करडई तेलाचा डबा दोन-तीन महिने वापरल्यावर त्याच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांत पिवळसर चिकट थर जमतो. बोट लावले तर डिंकासारखा ताणतो, साबणाने निघत नाही, नखाने खरवडावा लागतो. हवेतल्या ऑक्सिजनने लिनोलिकचे रेणू एकमेकांना जखडले, त्याचा तो थर. याच गुणामुळे करडई तेल रंग आणि वार्निशाच्या धंद्यात मानाचे ठरले : ते वाळून घट्ट पापुद्रा धरते आणि जवसाच्या तेलासारखे पिवळे पडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगासाठी त्याला पसंती मिळाली. भिंतीवर जो गुण, तोच कढईत दोष.

वनस्पतीच्या बीमध्ये ओलेइकपासून लिनोलिक घडवणारे एक विकर (एन्झाइम) असते. माणसाच्या शरीरात ते नाही, म्हणून लिनोलिक आम्ल अन्नातूनच घ्यावे लागते. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९-३० मध्ये उंदरांना मेदविरहित आहार देऊन हे दाखवले. उंदरांच्या शेपट्या खवलल्या, वाढ खुंटली आणि लिनोलिक आम्ल दिल्यावर ते सुधारले. ‘अत्यावश्यक मेदाम्ल’ ही संकल्पना तिथून आली.

भारतीय बियाणे, कॅलिफोर्नियाचे वाण. १९५७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात भारतातून गेलेल्या करडईच्या एका नमुन्याची नोंद झाली. त्याच्या तेलाचे आयोडीन मूल्य विलक्षण कमी होते. आयोडीन मूल्य म्हणजे तेलातल्या दुहेरी बंधांची मोजदाद. नेहमीच्या करडई तेलात ते १४०च्या आसपास असते, इथे ते ९०च्या घरात आले. अर्थात लिनोलिक आणि ओलेइक यांनी जागा बदलल्या होत्या. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल नोल्स यांनी हा गुण एका अप्रभावी जनुकाशी बांधलेला असल्याचे दाखवले आणि १९६६ मध्ये ‘यूसी-१’ हे उच्च-ओलेइक वाण दिले. मागाहून कळले की वर सांगितलेल्या विकराचे, बीमध्ये काम करणारे जनुकच त्या झाडांत बिघडलेले आहे. या वाणांच्या तेलात ओलेइक ७५ टक्क्यांच्या वर असते, म्हणजे घडणीने ते ऑलिव्ह तेलाच्या पंक्तीत बसते. ऑस्ट्रेलियात जनुक-शमनाने, म्हणजे जनुकाचे काम दाबून, हे प्रमाण ९० टक्क्यांपलीकडे नेले आहे. ज्या देशातून हा गुण बाहेर गेला तिथल्या किराणा दुकानात ‘करडई तेल’ म्हटले की आजही बहुधा लिनोलिकवालेच मिळते, आणि बाटलीवर फक्त ‘करडई’ लिहिलेले असते. एकाच नावाखाली दोन वेगळी तेले असल्याचे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

हृदयविकाराशी संबंध. १९५७ ते १९६५ या काळात अमेरिकेत अँसेल कीज आणि मार्क हेगस्टेड यांनी स्वतंत्रपणे, नियंत्रित आहार देऊन, मेद आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांची समीकरणे मांडली. ढोबळमानाने, संपृक्त मेद कोलेस्टेरॉल जेवढे चढवते त्याच्या निम्म्याने बहुअसंपृक्त मेद (एकाहून अधिक दुहेरी बंधांचे, लिनोलिकसारखे) ते उतरवते. यामागची यंत्रणा यकृतात आहे. एलडीएल हे कोलेस्टेरॉलवाहू कण रक्तातून उचलणारे ग्राही मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधले (नोबेल, १९८५). संपृक्त मेदाने या ग्राहींचे काम मंदावते, लिनोलिकने वाढते. एवढ्या हिशेबावर सर्वांत जास्त लिनोलिक असलेले करडई तेल सर्वांत गुणकारी ठरले, जाहिरातींनी ते उचलले आणि १९८०-९०च्या दशकांत घरातल्या कोणाला छातीत दुखले की स्वयंपाकघरात करडईचा डबा येऊ लागला.

पण कोलेस्टेरॉल उतरणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिडनीतील आहार-हृदय अभ्यासात १९६६ ते १९७३ दरम्यान नुकताच हृदयविकार होऊन गेलेल्या, ३० ते ५९ वयाच्या ४५८ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला प्राणिज मेदाऐवजी करडई तेल आणि त्याचेच मार्गरिन (लोण्याच्या जागी वापरायचे घट्ट केलेले तेल) दिले. कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरले, मृत्यू मात्र वाढले. हृदयविकाराने नेमके किती गेले हा तपशील जुन्या चुंबकीय फितींत पडून होता. ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी त्या फिती वाचून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला : करडई गटात एकूण मृत्यू १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८, हृदयधमनी-विकाराने १६.३ विरुद्ध १०.१ टक्के.

यावर आक्षेपही आले. त्यातला सर्वांत वजनदार असा की त्या काळच्या मार्गरिनमध्ये ट्रान्स मेद (तेल घट्ट करताना बनणारे) असण्याची दाट शक्यता आहे, आणि ट्रान्स मेद धमन्यांना संपृक्त मेदापेक्षा वाईट. अभ्यास लहान होता, रुग्ण आधीच आजारी होते. उलट बाजूला, २०१४ साली १३ दीर्घकालीन पाहण्यांतील ३ लाख १० हजारांवर लोकांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले की आहारातल्या एकूण ऊर्जेपैकी ५ टक्के ऊर्जा संपृक्त मेदाऐवजी लिनोलिकमधून घेतली तर हृदयधमनी-विकाराचे प्रसंग ९ टक्के आणि मृत्यू १३ टक्के कमी दिसतात. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. त्यामुळे सिडनीचे आकडे त्याने खोडले जात नाहीत. दोन्ही एकत्र ठेवून पाहिले तर प्रश्न ‘करडई चांगली की वाईट’ असा राहत नाही. ती कशाच्या जागी आली, किती आली आणि सोबत काय होते, हे विचारावे लागते. वनस्पती तुपाच्या जागी आली तर नफा. आधीच तेलकट असलेल्या ताटात ‘हृदयाचे तेल आहे, चालते’ म्हणून दोन पळ्या जास्त पडली तर तो नफा कुठे जातो हे सांगायला नको.

‘सोबत काय’ यात करडई तेलाची एक उणीव येते : त्यात ओमेगा-३ मेदाम्ले जवळजवळ नसतात. सोलापुरी ताटात ती जागा जवसाच्या चटणीची. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ आम्ल असते. ज्वारीची कडक भाकरी, वर कच्च्या करडई तेलाची धार आणि शेजारी जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, या जेवणात तीन वेगळ्या घडणीचे मेद एकत्र येतात, शेंगदाण्याचे ओलेइक धरून. मासळीतील लांब साखळीच्या ओमेगा-३ची बरोबरी जवस करत नाही, कारण शरीर त्याचे फार थोडे रूपांतर करते. तरी जुन्या ताटाची मांडणी एकाच बाटलीवर भिस्त ठेवणाऱ्या नव्या ताटापेक्षा शहाणी होती, असे म्हणायला हरकत नाही.

वापर. लिनोलिकवाले करडई तेल फोडणीला, भाकरीवर, चटणीत कालवायला योग्य. भजी-वड्यांच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की वर सांगितलेले ऑक्सिडीभवन झपाट्याने होते आणि अल्डिहाइडे ही अपायकारक द्रव्ये तयार होतात. शुद्धीकरणाने धूर उशिरा निघतो, पण दुहेरी बंध तेवढेच राहतात, हे ‘रिफाइंड आहे ना’ म्हणणारे विसरतात. या तेलात ई जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते काही काळ राखण करते. डबा लहान घ्यावा, उजेडापासून दूर ठेवावा.

सद्यस्थिती. भारतात एकेकाळी कित्येक लाख हेक्टरांवर असलेले हे पीक आता एक लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. पाणी आले तिथे ऊस आला, नाही आले तिथे हरभऱ्याने जागा घेतली. मावा कीड आणि मजूरटंचाई होतीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण दिले. काटेरी करडईची काढणी आता ठिकठिकाणी कंबाइन यंत्राने होते. गोणपाट गुंडाळून पहाटे रानात उतरायची गरज तिथे उरलेली नाही, आणि ज्वारीच्या कडेचे कुंपणाचे तासही तिथे दिसत नाहीत, कारण यंत्राला सलग रान लागते.