ज्युनियसचे छोटे शब्द

लंडनच्या 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' या वृत्तपत्रात २१ जानेवारी १७६९ रोजी 'ज्युनियस' अशी सही असलेले पत्र छापून आले आणि पुढची तीन वर्षे ही सही मंत्र्यांना सळो की पळो करत राहिली. खुद्द राजाला उद्देशून लिहिलेल्या पत्रापायी मुद्रक वुडफॉलवर खटला भरला गेला, पण पत्रलेखक हाती लागला नाही. त्या काळी निनावी लिखाण सर्रास चाले आणि कधी कधी त्याचा उलगडा सोपा असतो. 'मंथली रिव्ह्यू' या निनावी पुस्तक-परीक्षणे छापणाऱ्या मासिकाचे संपादक राल्फ ग्रिफिथ्स आपल्या प्रतीत कोणते परीक्षण कोणाचे याच्या खुणा करून ठेवत, त्यामुळे आज काम भागते. ज्युनियसने अशी सोय ठेवली नव्हती, आणि अक्षरही मुद्दाम बदललेले होते. १८७१ साली हस्ताक्षरतज्ज्ञ चार्ल्स शाबो यांनी ते युद्धखात्यातील कारकून फिलिप फ्रान्सिस याचेच असल्याचा निर्वाळा दिला. मात्र अशा पारखीत पारख्याच्या नजरेवर बरेच सोपवावे लागते.

स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ आल्वार एलेगोर्ड यांनी १९६२ साली शब्दच मोजले. ठसकेबाज शब्दांची नक्कल करता येते आणि विषय बदलला की ते बदलतातही. पण आपण 'पण' लिहितो की 'परंतु', याकडे लिहिताना कोणाचे लक्ष असते? 'पर्यंत' या अर्थी इंग्रजीत 'टिल' आणि 'अन्टिल' असे दोन शब्द आहेत. ज्युनियस सुमारे ७८ टक्के वेळा 'अन्टिल' वापरतो, आणि ही आवड त्याच्या समकालीनांपैकी साधारण सातांत एकालाच होती. अशा तीन सवयी एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर त्या तिन्ही असणारा माणूस ३४३ जणांत एक निघेल. मात्र सवयी सहसा स्वतंत्र नसतात, म्हणून हा गुणाकार जपूनच करावा लागतो. एलेगोर्ड यांनी अशा शेकडो लकबी तपासल्या आणि कौल फ्रान्सिसच्याच बाजूने पडला.

तरी माझ्या मते ही पद्धत 'यांपैकी कोण?' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ज्याचे दुसरे लिखाण उरलेलेच नाही, असा लेखक या चाळणीत कधी येतच नाही.

फ्रान्सिस १७७४ साली बंगालच्या सर्वोच्च परिषदेचा सदस्य म्हणून कलकत्त्यात आला. मराठ्यांविरुद्धच्या युद्धावरून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जशी त्याचे बिनसले आणि १७८० साली दोघांच्या द्वंद्वयुद्धात तो गोळी लागून जखमी झाला. ज्युनियस आपणच, असे त्याने १८१८ साली मरेपर्यंत जाहीरपणे कबूल केले नाही. लग्नानंतर त्याने दिलेली पहिली भेट म्हणजे ज्युनियसच्या पत्रांची प्रत होती, असे त्याच्या दुसऱ्या पत्नीने मात्र पुढे सांगितले.