पर्यावरण संरक्षण आणि न्यायालये (भारत)

भारतातील पर्यावरणविषयक कायद्याचा पाया संसदेने घातला असला, तरी त्याला धार आणली ती न्यायालयांनी. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण हे राज्याचे (अनुच्छेद ४८-अ) आणि नागरिकाचे (५१-अ) कर्तव्य ठरवले. पण या अनुच्छेदांच्या आधारे थेट दाद मागता येत नाही.

या विषयातील सर्वांत बोलका खटला एका गटाराचा आहे. मध्य प्रदेशातील रतलाम येथील रहिवासी उघडी गटारे, शौचालयांअभावी होणारी घाण आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. आधार होता तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेतील सार्वजनिक उपद्रवाच्या कलम १३३ चा. पर्यावरणाचा त्यात शब्दही नव्हता. नगरपालिकेने तिजोरीत खडखडाट असल्याचे सांगितले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ही सबब फेटाळली. पुढे १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले आणि जनहित याचिकांना भक्कम आधार मिळाला.

गोदावर्मन प्रकरणाची व्याप्ती याहून मोठी. निलगिरीतील जंगलतोडीविरुद्ध १९९५ मध्ये दाखल झालेल्या या याचिकेत १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने वनसंरक्षण कायद्यातील ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थच ग्राह्य धरला. जमीन कोणाच्या मालकीची, हा प्रश्न गौण ठरला. प्रकरण निकाली न काढता न्यायालय वर्षानुवर्षे आदेश देत राहिले. एका परीने न्यायालयच वनखाते चालवू लागले, ही टीका अगदीच निराधार नाही.

२०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. तेथे न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतात. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे.

भरपाईच्या बाबतीतही न्यायालये पुढे गेली. दिल्लीतील १९८५ च्या ओलियम वायुगळतीनंतर धोकादायक उद्योगांवर निरपवाद दायित्व आले: काळजी घेतली होती, हा बचाव त्यांना उरला नाही. १९९६ च्या वेल्लोर निकालाने, कातडी कमावणाऱ्या कारखान्यांच्या संदर्भात, ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले.

मात्र निकाल लागणे वेगळे आणि पैसे वसूल होणे वेगळे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात ‘एच-आम्ल’ हे रंगनिर्मितीत लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी तपकिरी झाले. १९८९ मध्ये याचिका झाली, १९९६ मध्ये निकाल लागला. त्यानंतर कंपन्या अर्जामागून अर्ज करत राहिल्या. अखेर २०११ मध्ये न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये, १९९७ पासूनच्या १२ टक्के चक्रवाढ व्याजासह, भरण्याचा आदेश दिला.