टायमिंग सरकलंय की करंट कमजोर झालाय?

सकाळी दुसऱ्या किकला उठणारी गाडी वीस किलोमीटर चालून चहाला थांबते आणि मग उठायचं नावच घेत नाही. किक मारून मारून घाम निघतो, कार्बोरेटर शिंकतो, सायलेन्सरमधून एखादा फटाका वाजतो. भोवती जमलेल्या चौघांपैकी तिघांचं निदान ठरलेलं असतं: "टायमिंग गेलंय." म्हणजे ठिणगी पडायची वेळ सरकलीय.

माझी गाडी बीएसए एम 20. 496 सीसी, साइड व्हॉल्व्ह, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बर्मिंगहॅमला बनलेली. युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या अशा काही गाड्या इथेच राहिल्या. तिला लुकासचा मॅग्डायनो आहे, म्हणजे खाली ठिणगीसाठी वीज बनवणारा मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेला डायनॅमो. या गाडीचं टायमिंग मी एका महिन्यात तीनदा केलं. दर वेळी गाडी सुरू झाली आणि दर वेळी मला वाटलं, जमलं! खरं तर कव्हर उघडून, पिनियन (मॅग्नेटो फिरवणारा छोटा गिअर) सोडवून, परत बसवेपर्यंत पाऊण तास जायचा आणि तेवढ्यात मॅग्नेटो थंड व्हायचा. गाडी त्यामुळे सुरू होत होती. श्रेय मात्र माझ्या पान्याला.

टायमिंग चुकलं असेल तर ते थंड इंजिनातही चुकलेलंच असतं. पुढे गेलेलं असेल, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल, तर किक उलटी मारते, पायाला झटका बसतो, चढावर इंजिन खडखडतं. मागे पडलेलं असेल तर गाडी सुस्त होते, इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप नको तितके तापतात. पण तक्रार सकाळी असते तशीच दुपारीही असते.

करंट कमजोर झाला असेल, म्हणजे ठिणगीच अशक्त असेल, तर तक्रार उष्णतेबरोबर येते आणि जाते. बहुतेक वेळा दोषी असतो कंडेन्सर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा छोटा भाग. तो या मॅग्नेटोत बाहेरून दिसत नाही, आर्मेचरच्या (मॅग्नेटोतल्या फिरत्या भागाच्या) पोटात बसवलेला असतो. जुना झाला की तापल्यावर त्यातून करंट गळू लागतो. आर्मेचरची वाइंडिंगही, म्हणजे त्यावर गुंडाळलेली तारही, तापल्यावर दगा देऊ शकते, तिच्यावरची जुनी लाख तर मऊ होऊन चिकटपणाने बाहेर येते. अशी गाडी सपाटीवर बरी चालते आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की मिसिंग करते, कारण दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं.

म्हणून तपासायचं ते गाडी रुसल्यावर लगेच, गरम असतानाच. प्लग काढा, टोपी लावून इंजिनाच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब ठेवा (आत पेट्रोलची वाफ असते) आणि किक मारा. ठिणगी जाड, निळसर, टक्‌ आवाजाची असेल तर टायमिंगकडे वळा. बारीक, पिवळट असेल किंवा येतच नसेल तर पाना खाली ठेवा. वायर मोकळी सोडून किक मात्र मारू नका, त्यात वाइंडिंग जळू शकते. अंधारात पॉइंटचं (मॅग्नेटोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं) झाकण काढून कोणाला तरी किक मारायला सांगितली तर आणखी कळतं: पॉइंटवरच लखलखाट होत असेल तर कंडेन्सर गेला समजा.

दोन्ही बाजूंना पाय असलेली एक गोष्ट म्हणजे पॉइंटचा गॅप. तो 12 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर हवा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

दुसरी गोष्ट हँडलवरचा अॅडव्हान्स-रिटार्डचा, म्हणजे ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडायचा खटका. तो मॅग्नेटोतली, पॉइंट उघडणारी कॅम रिंग फिरवतो. पॉइंट उघडतात त्या क्षणी आर्मेचर चुंबकाच्या जोराच्या जागी असावं लागतं. पूर्ण रिटार्ड केलं की ती जागा निसटते आणि ठिणगी मुळातच अशक्त होते. गरम गाडीला किक मारताना खटका पूर्ण मागे ओढणारे लोक स्वतःच करंट कमी करून घेतात. ट्रायम्फच्या जुन्या ट्विनमधल्या ऑटो अॅडव्हान्सला हा त्रास नाही, तिथे आख्खं आर्मेचरच पुढेमागे सरकतं. तिथे स्प्रिंग ढिल्या पडलेल्या असतात, तो वेगळा वैताग.

टायमिंग खरंच सरकतं ते बहुतेक पिनियनपाशी. तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, जागा पक्की करणाऱ्या चावीशिवाय, नुसत्या नटाच्या आवळणीवर बसलेला असतो. मॅग्नेटो इंजिनाच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे पिनियन 3 अंश सरकला तर क्रँकवर फरक 6 अंशांचा. एम 20 ला खटका पूर्ण अॅडव्हान्सवर ठेवून पिस्टन वरच्या टोकाच्या 7/16 इंच, म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर आधी असताना पॉइंट जेमतेम उघडायला हवेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरायचा, सुटला की तीच जागा. नट आवळल्यावर परत एकदा पाहायचं, कारण आवळतानाच तो हमखास हलतो.

माझ्या गाडीचा कंडेन्सर शेवटी बदलला. गरम असताना पहिल्याच किकला ठिणगी अशी पडली की मी हसलो. दुसऱ्या किकला पायाला झटका बसला. तीनदा हलवलेलं टायमिंग आता खरोखरच पुढे गेलं होतं.