सी-हॉर्स मिळेल का?

दुकानात आलेली मुलं काचेला नाक लावून हमखास विचारतात, "काका, घोडा मासा कुठाय?" मोठेही विचारतात, जरा दबक्या आवाजात. सगळ्यांना उत्तर एकच: आम्ही सी-हॉर्स विकत नाही, मागवूनही देत नाही. 2001 पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोकणातून कुणी पिशवीत घालून आणून देतो म्हणाला, तरी घेऊ नका. वाळवलेलाही नको.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी सांगलीतल्या घरात हा जीव जगवणं अवघडच. त्याला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात उतरतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं, तेही शक्यतो जिवंत, कोळंबीच्या बारीक पिल्लांसारखं. आपण सकाळी चिमूटभर दाणे टाकतो आणि कामाला पळतो! पोहण्यातही तो कच्चा. शेपटीने काहीतरी धरून बसतो, तोवर चपळ मासे खाणं फस्त करतात. त्यात आपला एप्रिल-मे. पारा चाळिशीला गेला की चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र, नसेल तर टँक तापतो, आणि गरम पाण्यात त्याला जिवाणूंचे रोग लवकर धरतात.

समुद्री टँकची हौस असेल तर हॅचरीत वाढवलेली क्लाऊनफिशची जोडी घ्या. दगडी प्रवाळ मात्र मागू नका, त्यालाही हाच कायदा आहे.

100 लिटर पाण्याला समुद्री टँकसाठीच मिळणारं साधारण साडेतीन किलो मीठ लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, बोअरचं पाणीही नको, आरओचं घ्या. टँक मांडल्यावर मासे सोडायला चार ते सहा आठवडे दम धरा, उपयोगी जिवाणू वाढून पाणी तयार होऊ दे.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाणी भरताना. झाकणाच्या कडेला पांढरी खपली दिसली की मीठ उडालं असं वाटतं आणि लोक वरून खारं पाणी ओततात. प्रत्यक्षात उडतं ते पाणी. मीठ बहुतेक टँकमध्येच राहतं. म्हणून पातळी घटली की साधं आरओचंच पाणी घाला. मीठ लागतं ते पाणी बदलताना.

बॅटरीवरचा एअरपंप टँकसोबतच घ्या. 2019 च्या पुरात वीज किती दिवस नव्हती, आठवतंय ना?

टँकचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणलंत तर खारटपणा लगेच मोजून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद.