फोटोत न दिसणारं विष

मामांच्या फवारणीच्या ब्लोअरचं एक नोझल तुंबलं होतं. त्यांनी ते काढलं, तोंडाला लावून फुंकलं, पँटला पुसलं आणि परत बसवलं. तासगाव भागातल्या द्राक्षबागांत हे इतकं रोजचं आहे की कुणी वळूनही बघत नाही. दोन तासांत त्यांना दरदरून घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, समोरचं अंधुक दिसू लागलं. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. या विषावरचा उतारा असलेल्या अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि मामा वाचले.

पण पुढचे कितीतरी दिवस झोप नाही, बोलता बोलता शब्द आठवत नाही, चहाचा कप धरला की हात कापतोय. मेंदूचा एमआरआय काढला. तो नॉर्मल आला. मामी रिपोर्टचं पाकीट हातात धरून म्हणाल्या, "फोटोत काय न्हाई म्हणत्यात, मग ह्यांचं हात का थरथरत्यात?"

मामींचा प्रश्न अगदी नेमका होता.

क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट ही कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. आपल्या शरीरात एका नसेचा निरोप पुढच्या पेशीला पोचवायला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. निरोप पोचला की ते लगेच पुसावं लागतं. ते काम कोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं, आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं या एन्झाइमला जखडून टाकतं. मग निरोप पुसलाच जात नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू फडफडत राहतात. किडा याच कारणानं मरतो आणि माणूसही याच कारणानं.

हा सगळा प्रकार घडतो तो दोन पेशींमधल्या सुमारे 20 नॅनोमीटरच्या फटीत. एमआरआय मात्र मेंदूतल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपून चित्र बनवतो आणि त्यातला सर्वांत बारीक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे फटीच्या 50 हजार पट. गाठ, रक्तस्राव, सूज त्याला दिसते. जखडलेलं एन्झाइम दिसत नाही.

काही विषं मात्र एमआरआयवर स्वतःच उमटतात. मँगेनीज हा धातू चुंबकीय गुणाचा आहे. वर्षानुवर्षं त्याची धूळ किंवा धूर छातीत घेणाऱ्या खाणकामगारांच्या आणि वेल्डरांच्या मेंदूत, ग्लोबस पॅलिडस या खोलवरच्या भागात, दोन्ही बाजूंना पांढरी चमक दिसते. (द्राक्षावरच्या डावणी या बुरशीरोगावर मारतात त्या मॅन्कोझेबमध्येही मँगेनीज असतं, पण म्हणून फवारणाऱ्याच्या मेंदूत अशी चमक दिसेलच असं नाही.) मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ते काम सुटलं की वर्षभरात ही चमक विरून जाते, पण चालण्यातला ताठरपणा मागे राहू शकतो. फोटो स्वच्छ आणि माणूस आजारीच.

सरीन हा विषारी वायूही ऑर्गॅनोफॉस्फेटच. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत तो सोडला गेला. पाच-सहा वर्षांनी 38 बाधितांचे एमआरआय 76 निरोगी लोकांशी ताडून पाहिले, तेव्हा बाधितांच्या मेंदूचे इन्सुलासारखे काही भाग सरासरीनं लहान निघाले. हा फरक गटागटांची गणितं मांडल्यावर सापडला. एकट्या माणसाची फिल्म उजेडात धरून तो कुणालाच दिसला नसता.

मग मामांसारख्यांनी बघायचं कुठं? रक्तात. तांबड्या पेशींवरही हेच कोलिनएस्टरेज एन्झाइम असतं. ते पूर्ण निकामी झालं तर भरून यायला नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात आणि तांबडी पेशी जगते सुमारे 120 दिवस. त्यामुळे फवारणी होऊन काही आठवडे झाले तरी रक्तात तिची खूण सापडू शकते. अडचण एकच: हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं, म्हणून हंगामाआधीचा स्वतःचा आकडा हाताशी लागतो. कॅलिफोर्नियात अशी औषधं हाताळणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी 1974 पासून सक्तीची आहे. तांबड्या पेशींतलं प्रमाण मूळच्या 70 टक्क्यांवर उतरलं की त्या माणसाला फवारणीवरून बाजूला काढतात.

आपल्याकडे युरोपला जाणाऱ्या द्राक्षात क्लोरपायरिफॉस किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर माल नाकारला जातो. त्यासाठी मामा फवारणीची वही चोख ठेवतात: तारीख, औषध, प्रमाण, काढणीला किती दिवस उरले. ते औषध ज्याच्या अंगावर उडालं त्याच्याबद्दल त्या वहीत आजवर एक ओळ नव्हती. याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा ऑक्टोबर छाटणीच्या आधी मामा आणि बागेतले दोघे गडी मिरजेला जाऊन तपासणीसाठी रक्त देऊन आले. तिघांचे आकडे मामींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत. ब्लोअरच्या सीटखाली आता नोझल साफ करायला जुना टूथब्रश आहे.