ब्रिस्बेनची पूरसोशिक फेरी टर्मिनल्स

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात २०११ च्या महापुरानंतर नव्याने बांधलेले नदीकाठचे प्रवासी धक्के. आराखडा कॉक्स रेनर आणि ऑरेकॉन या संस्थांचा. २०१५ साली त्याला ऑस्ट्रेलियाच्या ‘गुड डिझाइन’ पुरस्कारांमधील वर्षाचा सर्वोच्च मान मिळाला.

ब्रिस्बेन दमट उपोष्ण पट्ट्यात येते. मुख्य पाऊस ऐन उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतो. त्यामुळे घामट उकाडा, वादळे आणि पूर एकाच हंगामात वाट्याला येतात. नदीला भरती-ओहोटी असल्याने धक्क्याला पाँटून, म्हणजे बोटीत चढण्या-उतरण्याचा तरता चौथरा, आणि काठाशी जोडणारा पूल, म्हणजे गँगवे, लागतोच.

१३ जानेवारी २०११ रोजी शहरातील पूरपातळी ४.४६ मीटरवर गेली. धक्के मोडले ते नुसत्या पाण्याने नव्हे. वाहून आलेली झाडे, सुटलेल्या बोटी आणि मोडके तराफे प्रवाहाला आडव्या असलेल्या गँगवेत अडकत गेले. अडकलेल्या ढिगामागे पाण्याचा रेटा वाढला आणि खांबांनी मान टाकली. म्हणून नव्या रचनेत बळ वाढवण्यापेक्षा अडथळा कमी करण्यावर भर आहे. गँगवेला हवाबंद टाक्या असतात. पाणी चढले की तो तरंगतो, एका टोकाची कडी सुटते आणि तो फाटकासारखा फिरून प्रवाहाच्या दिशेला लागतो. पूर ओसरल्यावर तोच पुन्हा जोडता येतो. पाँटूनचा आकार नावेच्या बुडासारखा आहे. प्रवाह येतो त्या अंगाचा एकच भक्कम खांब ओंडके बाजूला वळवतो.

उन्हाचा प्रश्न त्यामानाने सोपा, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दमट हवेत नुसती सावली पुरत नाही, वारा लागतो. उन्हाळ्यात दुपारचा समुद्रवारा बहुधा ईशान्येकडून येतो, म्हणून अशा ठिकाणी बाजू मोकळ्या ठेवणे शहाणपणाचे. भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छत पुरते. खरा त्रास पश्चिमेच्या तिरप्या उन्हाचा.

या रचनेने धक्का वाचतो, सेवा नव्हे. फेब्रुवारी २०२२ च्या पुरात पातळी सुमारे ३.८५ मीटरवर गेली, तेव्हाही फेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. विशेष म्हणजे २०११ मध्येच वाहून गेलेला न्यू फार्म या उपनगराचा तरता पादचारी मार्ग पुन्हा बांधताना याच शहराने तरते बांधकाम सोडले. २०१४ मध्ये तो पक्क्या खांबांवर उंच उचलला गेला. चालणाऱ्याला बोटीच्या पातळीला उतरावे लागत नाही, म्हणून तिथे ते जमले.