क्लस्टरला जोडणं दोन प्रकारचं असतं: युजर लॉगिन आणि नोड लिंक

"काका, स्क्रिप्ट बरोबर चालून राहिली. कनेक्टही होऊन राहिलं. पण आपल्या नोडवरचे स्पॉट तिकडे जाऊनच नाही राहिले."

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका तरुण हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, हा फोन. कुठलं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू आलं याची खबर म्हणजे स्पॉट. असे स्पॉट एकमेकांना पोचवणाऱ्या कॉम्प्युटरांचं जाळं म्हणजे डीएक्स क्लस्टर, आणि त्यातला एकेक कॉम्प्युटर म्हणजे नोड. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर त्यानं डीएक्सस्पायडर हे नोड चालवायचं सॉफ्टवेअर चढवलं होतं आणि चार रात्री जागून तो दुसऱ्या नोडला जोडणारी एकच स्क्रिप्ट पुन्हापुन्हा लिहीत होता. असे फोन मला याआधीही आले आहेत आणि दर वेळी उत्तर एकच असतं. स्क्रिप्टला हात लावू नकोस, ती ठीक आहे. तू त्या नोडवर युजर म्हणून शिरला आहेस, नोड म्हणून नाही.

युजर लॉगिन सगळ्यांना येतं, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये (आपल्या रेडिओ संपर्कांची वही) नोडचा पत्ता आणि पोर्ट टाकायचा (डीएक्सस्पायडरला बहुतेक ठिकाणी ७३००), लॉगिन विचारलं की कॉलसाइन (परवान्यावरचं आपलं रेडिओ-नाव) द्यायचं आणि 'डीएक्स डी' अशी सुरुवात असलेल्या स्पॉटच्या ओळी वाचत बसायचं. ओळीच्या शेवटी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. धरमपेठेत रात्री साडेनऊ वाजले की तिथं १६०० दिसतं. झालं.

नोड लिंकमध्ये आपला नोड दुसऱ्या नोडला फोन लावतो, म्हणजे स्वतःहून जोडून घेतो. कसा लावायचा ते कनेक्ट स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं, आणि ही स्क्रिप्ट चार-पाच ओळींचीच असते. किती सेकंद वाट पाहायची ते टाइमआउटच्या ओळीत. कुठं जायचं ते कनेक्टच्या ओळीत: टेलनेट, पत्ता, पोर्ट. मग अवतरणचिन्हांतली जोडी: पलीकडून 'लॉगिन' हा शब्द आला की आपल्या नोडचं कॉलसाइन पाठव. शेवटी क्लायंटची ओळ. पलीकडे कोण आहे हे ती आपल्याच सॉफ्टवेअरला सांगते. फाइलला पलीकडच्या नोडचंच नाव दिलं तर ही ओळ गाळता येते. मी गाळत नाही. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर कुठली लिंक कुणाची हे डोळ्यांसमोर असलेलं बरं.

आता ही स्क्रिप्ट पुन्हा वाचा आणि शोधा: 'मी नोड आहे' असं ती पलीकडच्याला कुठं सांगते?

कुठंच नाही. लॉगिन आलं, कॉलसाइन पाठवलं. लॉगिंग सॉफ्टवेअरही नेमकं हेच करतं. दारापर्यंतचा रस्ता दोघांचा सारखाच आहे. आत गेल्यावर आपण कोण, हे पलीकडच्या नोडच्या युजर फाइलमध्ये आपल्या कॉलसाइनपुढे काय नोंद आहे त्यावर ठरतं. नोंद नसेल तर आपण युजर. नोड व्हायचं असेल तर तिथल्या सिसॉपनं (नोड सांभाळणाऱ्यानं) त्याच्या मशीनवर 'सेट/स्पायडर' ही कमांड आपल्या नोडच्या कॉलसाइनसाठी द्यावी लागते. आणि तीच कमांड त्याच्या कॉलसाइनसाठी आपल्याला आपल्या मशीनवर. दोन मशीन, दोन नोंदी, आणि दोन्ही स्क्रिप्टच्या बाहेर. स्क्रिप्ट कितीही घासूनपुसून लिहिली तरी पलीकडची नोंद तिला बदलता येत नाही.

वाचनालयाचं उदाहरण मला जवळचं वाटतं. सभासद कार्ड दाखवतो, पुस्तक घेतो, घरी जातो. दोन वाचनालयांनी पुस्तकांची देवाणघेवाण करायची म्हटली तर दोघांच्या रजिस्टरात तसा करार लागतो. रोज कार्ड घेऊन रांगेत उभं राहिल्यानं करार होत नाही.

नोंद एका बाजूनं झाली आणि दुसरीकडून राहिली तर काय दिसतं? कनेक्शन टिकतं, पण गप्प बसतं. आपला नोड प्रोटोकॉलच्या, म्हणजे नोडांच्या आपसातल्या ठरलेल्या भाषेतल्या, ओळीची वाट पाहतो आणि पलीकडचा आपल्याला माणूस समजून स्वागताचा मजकूर पाठवून मोकळा होतो. खूण अगदी सोपी आहे. लॉगिननंतर पलीकडून आलेली ओळ लॉगमध्ये बघा. 'पीसी१८' नं सुरू होत असेल तर त्यानं तुम्हाला नोड मानलं. ज्याच्याकडे फोन येतो त्या नोडनं आधी पीसी१८ पाठवायचं असतं, मग दोघं आपापली माहिती देतात आणि पीसी२०, पीसी२२ नं बोलणी पूर्ण होतात. स्वागत आणि प्रॉम्प्ट आला तर तुम्ही युजर आहात. 'लिंक्स' कमांडमध्ये पलीकडचा नोड दिसतो का तेही बघा. टेलनेट जोडलं गेलं एवढ्यावर खूश होऊ नका.

यातच एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. ज्या कॉलसाइनची नोंद बदलायची ते त्या क्षणी ऑनलाइन असेल तर डीएक्सस्पायडर ही कमांड घेतच नाही. आता चित्र बघा. तुमचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी 'जोडलेलं नसेल तर जोड' म्हणत पलीकडे युजर म्हणून जाऊन बसतं. बिचारा सिसॉप तुमच्याच ईमेलवरून नोंद करायला जातो आणि त्याला नकार मिळतो. म्हणून क्रम पाळा: क्रॉनची ओळ बंद, लिंक तोडा, मग सिसॉपला लिहा, आपली नोंद करा, हातानं 'कनेक्ट' देऊन पीसी१८ बघा. क्रॉन सगळ्यात शेवटी. क्रॉन आधी लावणं ही सवय मला अजिबात पटत नाही.

हे सगळं टाळण्यासाठी काही जण पायथनमध्ये एक पूल बांधतात: युजर म्हणून लॉगिन करायचं, 'डीएक्स डी' च्या ओळी उचलायच्या आणि आपल्या नोडवर डीएक्स कमांडनं पुन्हा टाकायच्या. कृपा करून हे करू नका. नोड-नोडमधल्या पीसी११ च्या ओळीत फ्रिक्वेन्सी, स्टेशन, तारीख, वेळ, शेरा, स्पॉटर, मूळ नोड आणि किती उड्या (नोडवरून पुढच्या नोडवर) शिल्लक आहेत ते असतं. युजरला दिसणाऱ्या ओळीत मूळ नोड नाही आणि उड्याही नाहीत. पुन्हा टाकलेल्या स्पॉटवर स्पॉटर म्हणून तुमचं कॉलसाइन चढतं, वेळ नवी लागते, आणि पुढच्या नोडला तो ताजा स्पॉट वाटतो. दोन जणांनी समोरासमोर असे पूल बांधले तर एकच स्पॉट गोल फिरत राहतो. त्याहून वाईट म्हणजे माहिती खोटी होते. इटलीतल्या हॅमनं ऐकलेलं स्टेशन तुमच्या नावानं गेलं, की ते नागपुरात, एमएल९१ या ग्रिड चौकोनात ऐकू आलं असा त्याचा अर्थ होतो. इतवारीत कुणीतरी त्या भरवशावर अर्धा तास रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसतो. स्पॉटमध्ये स्पॉटरचं नाव प्रोपगेशन, म्हणजे लहरी कुठून कुठं पोचतायत ते, कळावं म्हणूनही असतं.

बाकीचे गोंधळ लहान आहेत. डीएक्सस्पायडरमध्ये 'कनेक्ट' आणि 'स्क्रिप्ट्स' अशी दोन फोल्डर आहेत आणि दोन्हींत एकाच कॉलसाइनच्या नावाची फाइल असू शकते. पहिलीत फोन कसा लावायचा ते, दुसरीत ते कॉलसाइन आत आल्यावर चालवायच्या क्लस्टर कमांड. फाइल चुकीच्या फोल्डरात टाकली तर ती वाचलीच जात नाही. 'सेट/नोड' जुन्या पॅकेटक्लस्टर पद्धतीच्या नोडसाठी. पलीकडे डीएक्सस्पायडर असेल तर 'सेट/स्पायडर' च.

नोडला स्वतःचं वेगळं कॉलसाइन द्या, निदान मागे एसएसआयडीचा, म्हणजे '-२' सारखा, आकडा तरी लावा. तुम्ही ज्या कॉलनं रोज लॉगिंग सॉफ्टवेअरमधून तिकडे जाता त्याच कॉलनं नोडही गेला तर पलीकडच्यानं कुठली नोंद ठेवायची?

आणि फोन कोण लावणार ते आधी ठरवा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा थेट पत्ता) नसतो, बाहेरून कुणी आत येऊच शकत नाही, म्हणून नागपूरच्या घरातल्या नोडनंच बाहेर फोन लावावा हे सरळ आहे. दोन्हीकडे क्रॉन ठेवण्याचा हट्ट सोडा.

मानेवाड्याच्या पोरानं त्या रात्री क्रॉनची ओळ बंद केली आणि सिसॉपला दोन ओळींचं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. संध्याकाळी त्यानं हातानं कनेक्ट दिलं आणि लॉगचा फोटो मला पाठवला. पहिलीच ओळ पीसी१८. चार रात्री लिहिलेली स्क्रिप्ट त्यानं पुसून टाकली होती. आता तिथं पहिल्या दिवशीचीच फाइल होती, एक अक्षरही न बदललेली.